दिवेकरांच्या घरचं कार्य

तेजल ऐवळेला ज्या माणसावर सूड उगवायचा होता, तो एका सकाळी आपणहून तिच्या कार्यशाळेत आला, खुर्चीत टेकला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं. सूड इतका आयता दारात येतो असं कुणी सांगितलं असतं, तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. तिने पाणी दिलं. फ्रीजमधलं नको, माठातलं हवं, असं तो म्हणाल्यावर तेही दिलं.

यशोधन दिवेकर एका बाजूने काठीवर आणि दुसऱ्या बाजूने नातीच्या खांद्यावर रेलत आले होते. कधीकाळी सभागृहं गाजवलेला उंचापुरा माणूस, पण आता दंडावरून शर्टाची बाही नुसती लोंबत होती. स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. तेजलने त्यांना दारातच ओळखलं. त्यांनी तिला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

"मी अन्विता," नात म्हणाली. "तुमचे सदरे सांगलीत सगळ्यात चांगले असतात म्हणे, ताई. आजोबांना एक हवाय. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

"घरात कार्य आहे," दिवेकरांनी तिचं वाक्य हातात घेतलं, "आणि अंतरपाट मी धरणार आहे. एक टोक भटजींकडे, एक माझ्याकडे. हिचे आईबाप ही लहान असतानाच गेले. हिला मी वाढवलीय. तेव्हा पहिल्या मंगलाष्टकापासून शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत मला उभं राहायचंय. खुर्चीत बसून अक्षता टाकणाऱ्यांतला मी नव्हे."

तेजल त्यांच्या दंडाचं माप घेत होती. 'कार्य' हा शब्द त्या तोंडून ऐकला आणि तिच्या हातातली टेप आवळली गेली.

"अगं, जरा हळू," दिवेकर म्हणाले.

"सॉरी, सर."

'कार्य' हा शब्द तिने त्यांच्या तोंडून पूर्वी एकदाच ऐकला होता. तेव्हा ती दहावीत होती आणि तिची आई मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात मावशी होती. मंदामावशी. भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात ड्रेसिंग चालू असताना मूल धरून ठेवायचं, हे तिचं काम. भाजलेलं मूल धरणं म्हणजे काय, हे ज्याने धरलं त्यालाच कळतं. घट्ट धरावं तर कातडी निघते, सैल धरावं तर ते उसळतं. मंदामावशीने धरलं की मूल रडायचं, पण हलायचं नाही. डॉक्टर तिच्याशिवाय ड्रेसिंगला हात घालत नसत.

मग विश्वस्तांना शास्त्रीय पद्धतीची हौस आली. त्यांनी भौतिकशास्त्राचे नामांकित प्राध्यापक दिवेकर यांना बोलावलं आणि दिवेकरांनी आपला कार्यपट्टा आणला. कमरेला आणि मनगटांना बांधायचा हा पट्टा माणसाने दिवसभरात किती कार्य केलं ते मोजायचा. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. वस्तूला जोर लावला आणि ती त्या दिशेने सरकली तरच कार्य झालं. भिंतीला दिवसभर ढकललं आणि भिंत हलली नाही, तर कार्य शून्य. पुस्तकातली व्याख्या ती. तिच्यात चूक काढायला जागा नाही. चूक इतकीच झाली, की पट्ट्याच्या मराठी सूचनांमध्ये आणि विश्वस्तांच्या डोक्यामध्ये 'कार्य' आणि 'काम' हे दोन शब्द एकच होऊन बसले.

आकडे हाती आल्यावर हॉलमध्ये सगळ्यांना जमवलं. दिवेकरांनी माइकवरून छान समजावून सांगितलं, एक खुर्ची उचलून दाखवली, धरून दाखवली. मग आकडे बघता बघता थांबले आणि मिश्कीलपणे विचारलं, "मंदामावशी कोण? हां, तुम्ही. सांगा बरं मावशी, यंदा तुमचं कार्य किती?"

आई उभी राहिली. पदर सारखा करून म्हणाली, "आमच्यात यंदा न्हाई सर. पुढल्या साली आहे, धाकट्या भणीचं."

हॉल फुटला. बहिणीचं लग्न घेऊन उभ्या राहिलेल्या त्या बाईकडे बघून डॉक्टर हसले, नर्सेस हसल्या, झाडूवालेही हसले. दिवेकरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मावशी," ते म्हणाले, "पट्टा म्हणतोय यंदाचं तुमचं कार्य शून्य." शाळेतून परस्पर तिकडे आलेली तेजल मागच्या रांगेत बसली होती. हा धडा तिचा नुकताच झाला होता. आईला विनोद कळायच्या आत तो लेकीला कळला, आणि आईला तो कळतानाचा आईचा चेहराही तिला पाहावा लागला.

शून्य कार्याच्या मावशीला वॉर्डातून काढून धोबीखात्यात टाकलं. ओल्या चादरींच्या बादल्या गच्चीवर न्यायच्या. तिथे विस्थापनच विस्थापन होतं. आईचा आकडा सगळ्यांच्या वर गेला, आणि त्याच गच्चीच्या जिन्यात तिचा मणका सरकला. तेव्हापासून ती कमरेत वाकली ती वाकलीच. पुढे पट्ट्याचं खूळ ओसरलं, पट्टे अडगळीत गेले. सॉरी कुणी म्हटलं नाही. दिवेकरांचा मात्र शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता.

असा तो माणूस. आणि आता त्याचे दंड तेजलच्या टेपमध्ये होते.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. "दिवेकर आल्ता माझ्याकडं."

"कुठला दिवेकर?" आई पलंगावर लसूण सोलत होती. "पट्टेवाला?" इतक्या वर्षांत आईने त्याला दुसरं नाव दिलंच नव्हतं. एका प्राध्यापकाला तिने शिपाई करून टाकला होता.

"तोच. सदरा पायजेल त्याला. नातीच्या लग्नात अंतरपाट धरून हुबं राहायचंय."

आईच्या हातातला लसूण थांबला. मुडदा बशिवला त्याचा, असं ती वर्षानुवर्षं उठता-बसता म्हणत आली होती. बादली बघितली की म्हणायची, कमरेत कळ आली की म्हणायची. आता मात्र ती शांतपणे म्हणाली, "सोडू नकोस त्येला."

आता हा सदरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणारा हा पोशाख असतो. त्याच्या शिवणींतून कृत्रिम स्नायूंच्या दोऱ्या फिरवलेल्या असतात. वीज मिळाली की दोरी आखडते, वीज तोडली की सैल पडते. माणसाने हात उचलायचं मनात आणलं की कातडीवर उमटणारे बारीक विद्युतसंकेत सदरा टिपतो आणि हात उचलून देतो. लकवा झालेली कितीतरी माणसं सदरा घालून बाजारहाट करू लागली होती. वर नेहमीचे कपडे घातले की कुणाला पत्ताही लागत नसे.

पण ऊर्जा फुकट मिळत नाही. ती कुठून तरी यावी लागते आणि कुठेतरी जावी लागते. नव्याने तयार होत नाही, नाहीशीही होत नाही. सदऱ्याने माणसाला जिना चढवला, तर बॅटरीतल्या ऊर्जेचा एक वाटा त्या माणसाच्या उंचीत जमा होतो. तोच जिना झपझप चढवायचा तर शक्ती जास्त लागते, कारण शक्ती म्हणजे कार्याचा वेग. इथवर सगळं सरळ आहे. घोटाळा होतो तो माणूस नुसता उभा राहतो तेव्हा. टेबलावर घागर ठेवली तर टेबल दमत नाही, त्याला काही खावंही लागत नाही. तीच घागर हातात धरली की आपल्या स्नायूंमधले सूक्ष्म धागे एकमेकांना पकडतात, सुटतात, पुन्हा पकडतात, आणि हे सारखं चालू राहतं. बाहेरून हात जागचा हलत नाही, आत मात्र जेवलेलं सगळं जळत असतं. त्याची उष्णता होते, घाम होतो. सदऱ्याचंही तसंच. माणूस स्तब्ध उभा असला तरी दोऱ्या आखडून धरायला वीज लागतेच, आणि ती सगळी अंग तापवण्यात जाते.

गोदामातल्या हमालांच्या सदऱ्यात यावर एक उपाय असतो. त्याला 'काटकसर' म्हणतात. हालचाल असेल तर भरपूर वीज; थांबलात की दोऱ्या हळूहळू सैल. हमालाचे पाय धडधाकट असतात, त्याला फरक पडत नाही. रुग्णाच्या सदऱ्यात मात्र काटकसर बंद ठेवायची, हा या धंद्यातला पहिला नियम. बल गुणिले विस्थापन, उत्तर शून्य आलं की वीज तोड, एवढंच ते सूत्र होतं. दिवेकरांनीच लिहिलं असावं इतकं त्यांचं होतं.

तेजलने सदरा जीव ओतून बनवला. शिवण न् शिवण स्वतः तपासली. सूड घ्यायचा म्हणून हलका माल वापरणं तिच्या स्वभावात नव्हतं. कार्यशाळेत चाचणी झाली तेव्हा दिवेकर सरळ उभे राहिले, दोन्ही हात पुढे धरून कितीतरी वेळ तसेच राहिले आणि लहान मुलासारखे हसले. अन्विताच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना ती एकटी मागे फिरली.

"ताई, त्या दिवशी तुम्ही याल ना? आजोबा दाखवत नाहीत, पण त्यांना भीती वाटतेय. पडणार नाहीत ना ते?"

"मी येणारच आहे," तेजल म्हणाली. "जवळच उभी राहीन."

खोटं बोलायची तिला गरजच पडली नाही.

लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या एका खोलीत तिने दिवेकरांना सदरा चढवला, वर सिल्कचा झब्बा, डोक्याला फेटा. टॅब्लेटवर सगळ्या दोऱ्या तपासल्या. मग काटकसर चालू केली. बोट क्षणभरही अडखळलं नाही. उलट, अंगातून एक गार, गोड लहर गेली आणि तिला ती आवडली.

दिवेकर खोलीतून मांडवापर्यंत ताठ चालत गेले. लोक वळून बघत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "यशोधन, तू तर नवरदेव दिसतोयस," आणि दिवेकरांनी फेट्याचा शेमला झटकला. चालत होते तोवर सदरा त्यांना हवी तेवढी वीज देत होता. बोहल्याजवळ ते थांबले. अंतरपाटाचं टोक हातात घेतलं. पलीकडे नवरा, अलीकडे हार घेतलेली अन्विता, तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. तेजल अन्विताच्या मागे, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभी राहिली. टॅब्लेट पर्समध्ये ठेवला होता.

पहिलं मंगलाष्टक झालं. अक्षता पडल्या. दुसरं अर्ध्यावर आलं आणि दिवेकरांच्या हातातलं टोक किंचित खाली आलं. त्यांनी ते वर उचललं. उचललं म्हणजे हालचाल झाली, सदऱ्याने वीज दिली. धरून ठेवलं, तसं पुन्हा उतरलं. कपाळावर घाम आला. भटजींनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं. दिवेकरांनी मान हलवली आणि हात पुन्हा वर केला. तेजल ते बघत होती. तिला वाटलं होतं एकदम कोसळेल. हे असं चढणं-उतरणं तिने कल्पलेल्याहून कितीतरी सरस होतं. माणसं कुजबुजायला लागली. पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. तो हसण्याचा आवाज ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती.

दिवेकरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओठांनी 'बॅटरी' असं म्हणाले. तिने पर्सची चेनही उघडली नाही.

तिसऱ्या मंगलाष्टकात गुडघे गेले. फेटा निसटून घरंगळला, अंतरपाट जमिनीवर आला आणि ते पुढे झुकले. पण ते खाली पोचले नाहीत. अन्विताने हार टाकला आणि एका पावलात त्यांच्या काखांत हात घालून त्यांना छातीशी धरलं. मुहूर्त टळायला नको म्हणून भटजींनी आवाज चढवून पुढचं म्हणायला घेतलं. नवऱ्याने अंतरपाटाचं पडलेलं टोक उचलून स्वतःच धरलं, कारण काय करावं ते त्याला कळेना. मावश्या-आत्या "अगं खाली बसव त्यांना" म्हणत पुढे झाल्या, तर दिवेकर कसेबसे म्हणाले, "नको. उभाच राहणार." आणि नातीने ते ऐकलं.

सदऱ्याने दोरी सोडली म्हणून वजन काही कमी झालं नव्हतं. एका उंच माणसाचा सगळा भार आता एका सडपातळ मुलीच्या दंडांवर होता. तिची बोटं पांढरी पडली. दंड थरथरायला लागले. हिरव्या बांगड्या दोघांच्या अंगामध्ये दाबल्या जाऊन कडकडल्या. "वाढल्या गं, वाढल्या," एक बाई घाईघाईने म्हणाली, कारण लग्नात बांगड्या फुटल्या असं म्हणायचं नसतं. मनगटावरून रक्ताची एक बारीक धार खाली आली. अन्विता ओठ आवळून तशीच उभी होती, तसूभरही न हलता. तिने एकदा मान वळवली आणि ती तेजलला म्हणाली, "ताई, बघा ना काय झालंय."

तेजलचा हात पर्सकडे गेला होता. तिथेच राहिला. अजून थोडंसं, असं तिच्या मनात आलं. शेवटचं मंगलाष्टक संपेपर्यंत ती तशीच उभी होती.

वाजंत्री सुरू झाल्यावर दिवेकरांना खुर्चीत बसवलं. नवरा-नवरी हार घालत असताना तेजल त्यांच्याजवळ गेली आणि सदऱ्याचा पट्टा सैल करण्याच्या निमित्ताने वाकली. वाक्य तिच्याकडे केव्हाचं तयार होतं.

"बॅटरी संपली नव्हती, सर. तुम्ही उभे होतात तेव्हा तुमचं कार्य शून्य होतं, म्हणून वीज तोडली. तुमचंच सूत्र. मी मंदामावशीची मुलगी."

दिवेकरांनी तिच्याकडे पाहिलं. ते हुशार होते. अर्धी गोष्ट त्यांना तत्काळ कळली. नजर नातीच्या मनगटाकडे गेली. "म्हणजे माझं सगळं वजन हिने..." ते थांबले. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण मंदामावशी कोण?"

"मिरजेचं रुग्णालय. कार्यपट्टा. हॉलमध्ये तुम्ही तिला उभं केलं होतंत."

"हॉल आठवतो," ते म्हणाले. "माइक शिट्टी मारत होता. व्याख्यान चांगलं झालं होतं त्या दिवशी." त्यांनी खरोखर आठवून बघितलं, बराच वेळ. "नाही. कुणाला उभं केल्याचं नाही आठवत. हसले होते का लोक?"

"तुम्हीसुद्धा."

"असेल," दिवेकर म्हणाले. त्यांच्या आवाजात मस्ती नव्हती, माफीही नव्हती. ते पुन्हा नातीकडे बघायला लागले. तेजलने काटकसर बंद केली, पर्स खांद्याला लावली आणि जेवायला न थांबता निघाली.

घरी आई कुशीवर पडून दाराकडेच डोळे लावून होती.

"झालं?"

"झालं."

"पडला?"

"पडला."

आईचा चेहरा उजळला. "समद्यांदेखत?"

"समद्यांदेखत. फेटा तर घरंगळत पार वाजंत्रीवाल्यांपत्तुर गेला."

आई हसायला लागली. हसता हसता कमरेत कळ आली, ती कण्हली आणि पुन्हा हसली. "मुडदा बशिवला पट्टेवाल्याचा. सांग, नीट सांग. हात आधी गेलं का पाय?" तेजलने सांगितलं. हात कसे खाली-वर होत होते ते करून दाखवलं. मायलेकी अशा पोटभर हसून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक.

"डोकंबिकं फुटलं का?" आईने डोळे पुसत विचारलं.

"न्हाई. खाली पोचलाच न्हाई. धरलं."

"कुणी?"

"नातीनं."

"नवरीनं?" आईचं हसू अजून ओठांवर होतं. "कसं धरलं?"

"काखंत हात घालून."

"किती येळ?"

"मंगलाष्टकं संपूस्तोर."

आईने पडल्या पडल्या दोन्ही हात पुढे केले आणि हवेतच कुणाला तरी धरल्यासारखे वाकवले. थोडा वेळ तसेच ठेवले. "आसं धरलं की हितं खांद्यात भरतं," ती म्हणाली. "दोन दिवस हात वर हुत न्हाई. तिला शेकायला सांगितलंस का?"

"न्हाई."

"आन् तू कुठं हुतीस?"

"तिथंच."

"तिथंच म्हंजे कुठं?"

तेजलला खोटं सांगता आलं असतं. "तिच्या पाठीमागं," ती म्हणाली. "हात पोचंल एवढ्यावर."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिला कूस बदलायची होती. वाकलेल्या कमरेने ते तिला एकटीला कधीच जमत नसे, रोज तेजलच पाठीखाली हात घालून तिला वळवायची. तेजल पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "माझी मी वळते." आणि पलंगाची कड धरून ती कण्हत, थांबत, थोडी थोडी वळायला लागली.